डावीकडे, म्हणजे पेशंटच्या

सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली की तिची नोंद होते, तिला क्रमांक मिळतो, कोणीतरी ती दुरुस्त करतं आणि नोंद बंद होते. आमच्या त्या आठवड्यात ज्या गोष्टी घडल्या त्यांना ही सोय नव्हती, म्हणून त्या साठत गेल्या. आता आमच्यातली दोन माणसं चहाला बसली की एक गोष्ट निघते, ती संपायच्या आत तिसरा दुसरी काढतो, आणि ज्याच्या बाबतीत ती घडली तो समोर असेल तर तो मध्येच थांबवून ती सुधारून सांगतो. मी इथे सांगते आहे ती माझी आवृत्ती. आमच्यातल्या सारंगची वेगळी आहे आणि बरीच लांब आहे.

थोडं आधीचं सांगायला हवं. सीटी स्कॅन, एमआरआय वगैरे उघडून बघायचं एक सॉफ्टवेअर आहे. ते कोणाच्या मालकीचं नाही. जगभरातले लोक मिळून ते लिहितात आणि ज्याला हवं त्याने घ्यावं. त्यावर रोगाचं निदान करायचं नसतं. शिकवायला, संशोधनाला, समजावून सांगायला ते वापरतात. ते लिहिणारी मंडळी वर्षातून एकदा कुठल्यातरी गावी आठवडाभर जमतात आणि एका हॉलमध्ये बसून कोड लिहितात. मी शाळेपासून घराबाहेर, आधी निलगिरीतल्या बोर्डिंगमध्ये, मग कॅनडात, आणि तिथेच या मंडळींत शिरले. गेल्या वर्षी कायमची रत्नागिरीला परत आले आणि सगळ्यांना कळवलं, या खेपेला माझ्या गावी या. जे सगळ्यांसाठी आहे ते, सगळे राहतात तिथे बसून लिहू.

माझा त्यात एक हेतू होता. मला ते सॉफ्टवेअर मराठीत आणायचं होतं. कुठलं काम आत घ्यायचं आणि कुठलं नाही हे शेवटी योनास ठरवतो. योनास जर्मन, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. त्याने व्हिडिओ कॉलवर विचारलं की तुमचे डॉक्टर इंग्रजी वाचतात, मग मराठी वाचणार कोण. मी म्हटलं, पेशंट. स्क्रीन डॉक्टरच्या खोलीत असतो आणि पेशंटही त्याच खोलीत असतो. योनास म्हणाला, अशा उत्साहाने आलेल्या भाषा तो अजून सांभाळतो आहे आणि त्या कोणी वापरत नाही. मग त्याने अट घातली.

"हॉलबाहेरच्या एका माणसाने ते मराठी वाचायचं आणि वाचून काहीतरी म्हणायचं. माझ्यासमोर. मग मी घेतो."

सोमवारी सगळे जमणार होते. शनिवारी दुपारच्या गाडीने योनास परत जाणार होता.

*

हॉल मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मिळाला, एका बंद पडलेल्या कारखान्याची शेड. बॅनर करायला मी शहरातल्या एका दुकानात गेले. मजकूर लिहून दिला, पण दुकानवाल्यांना तो कोरडा वाटला. त्यांनी विचारलं, हे जे सॉफ्टवेअर आहे त्याला पैसे पडतात का. मी म्हटलं नाही, मुक्त आहे, आणि मुक्त म्हणजे नेमकं काय हे मोठ्या तळमळीने सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

सोमवारी सकाळी शेडवर बॅनर होता. लांबूनही वाचता येईल अशा लाल अक्षरांत 'मोफत', त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत 'स्कॅन शिबिर', आणि मधल्या जागेत जवळ गेल्यावर दिसेल इतकं लहान 'सॉफ्टवेअर लेखन'.

आम्ही पोचलो तेव्हा दारात रांग होती. हातात एक्स-रेची मोठी पाकिटं, कोणाच्या पिशवीत जुन्या फायली, एका आजोबांचा पाय प्लास्टरमध्ये.

उद्घाटनाला डॉ. आफ्रीन मुकादम आल्या होत्या. शहरात त्यांचं स्कॅन सेंटर आहे, आणि या सगळ्या खटाटोपात गावातून माझ्या पाठीशी उभं राहिलेलं तेवढं एकच माणूस. त्यांनी रांग पाहिली, बॅनर पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मग एक प्लास्टिकची खुर्ची उन्हात ओढून घेतली आणि एकेक एक्स-रे आकाशाकडे धरून बघायला लागल्या. प्रत्येकाला दोन शब्द, कोणाला घरी पाठवलं, कोणाला सिव्हिलला जायला सांगितलं.

आमची मंडळी लॅपटॉपच्या बॅगा पाठीला लावून गोल उभी राहिली. आयुष्यभर चित्रं मोठी करून दाखवायचा कोड लिहिणारा सारंग पुण्याहून आला होता. त्याने हळूच विचारलं, मॅडम, यात झूम कसं करता.

मॅडमनी एक्स-रे डोळ्यांच्या जवळ नेला.

संध्याकाळी मी बॅनर बदलायला गेले तेव्हा दुकानवाले नाराज झाले. "तुमच्या मजकुरावर एवढी माणसं आली असती का?" असं त्यांनी विचारलं.

*

सारंगचं त्या दिवशी आधीच एक झालं होतं.

स्कॅनच्या चित्रात पेशंट आपल्याकडे तोंड करून आहे असं धरतात. त्यामुळे स्क्रीनची उजवी बाजू ती पेशंटची डावी. काही ठिकाणी उलट धरतात. या एका गोष्टीवरून आमच्या क्षेत्रात जितकी भांडणं झाली तितकी पगारावरून झालेली नाहीत. चुकीच्या बाजूचं मूत्रपिंड रंगवलं जाऊ नये म्हणून सगळे इतके सावध राहतात की 'डावीकडे' हा शब्द त्यांना नुसता चालत नाही. कोणाच्या डावीकडे, ते कळल्याशिवाय ते वळत नाहीत.

मी सगळ्यांना मेसेज पाठवला होता: एमआयडीसीत शिरलात की डावीकडे, शेवटची शेड.

सारंग आणि योनास स्टेशनवरून एका रिक्षात बसले. एमआयडीसी आली, फाटा आला. रिक्षावाल्याने विचारलं कुठे घेऊ. सारंग म्हणाला डावीकडे. एवढ्यात योनासने मागून शंका काढली, समोरून येणाऱ्याची डावी की आपली. दोघांचं इंग्रजीत सुरू झालं. रिक्षावाला आरशात बघत थांबला होता. शेवटी सारंगने त्याला निर्णय सांगितला.

"डावीकडे. म्हणजे आपल्या नाही हां, पेशंटच्या."

रिक्षावाल्याने एकदा मान वळवून योनासकडे नीट बघितलं. उन्हाने लाल झालेला गोरा माणूस, रात्रभराच्या प्रवासाने डोळे ओढलेले. त्याने रिक्षा फिरवली, हॉर्न दाबून धरला, आणि जवळच्या एका हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये नेऊन थांबवली.

सारंग म्हणाला, अहो, इथे कुठे आणलंत.

"पेशंट हाय तर आदी सांगायचं ना," रिक्षावाला म्हणाला. "उतरा तुमी. मी स्ट्रेचर सांगतो."

*

आमच्यात रोज सकाळी सगळे गोल करून उभे राहतात आणि प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार आणि अडलंय कुठे. बसून सांगितलं तर लोक लांबण लावतात, उभं राहिलं की आटपतं घेतात, असा समज आहे. सारंगने तो समज पहिल्याच दिवशी खोटा ठरवला.

जेवणाचं काम भाट्ये गावच्या बाळाकाकांकडे होतं. पहिल्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहिलं आणि प्रार्थना चालली आहे असं समजून चपला काढून हात जोडून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं की यांचा देव कुठचा. मी त्यांना सगळी पद्धत समजावून सांगितली.

तिसऱ्या दिवशी बाळाकाका खांद्यावर टॉवेल टाकून गोलात येऊन उभे राहिले. योनासने जरा सरकून त्यांना जागा दिली. त्यांची पाळी आली.

"काल घावणे केले. आज आंबोळ्या. अडलंय ते इतकंच, की पहिल्या हाकेला कोण येत नाय. घावणं थंड झालं की त्याचं फडकं होतं."

मी भाषांतर केलं. योनासने ते रीतसर लिहून घ्यायला लावलं आणि त्याला सगळ्यात वरचा अग्रक्रम दिला. त्या दिवशी पहिल्या हाकेला सगळे लॅपटॉप मिटले. आठवडाभरात ज्या दिवशी नोंदली त्याच दिवशी सुटलेली अडचण ती एकच.

चौथ्या दिवशी गोलात पुन्हा बाळाकाकांची पाळी आली. "काल सगळे आले. आज उसळ. अडलेलं काय नाय," असं सांगून ते आत निघून गेले. योनास त्यांच्या पाठीकडे बघत राहिला आणि मग आम्हाला म्हणाला, बोलणं असं असावं.

*

कोड तपासायला स्कॅन लागतात. माणसांचे स्कॅन असे कोणालाही देता येत नाहीत, आणि मुकादम मॅडम तर आपल्या सेंटरमधला एकही रिपोर्टच्या कामाखेरीज बाहेर जाऊ देत नाहीत. मग स्कॅन करायचा कशाचा, यावर एक सकाळ गेली. मॅडम म्हणाल्या, नारळ आणा. कवटी आहे, खोबरं आहे, पाणी आहे, थोडी हवा आहे, तुम्हाला आणखी काय हवं.

बाळाकाकांनी एक दिला, सोललेला, शेंडी राखून, देवापुढे ठेवता येईल असा.

दुपारी पेशंट नसताना आम्ही तो घेऊन सेंटरला गेलो. तिथले टेक्निशियन कदम हे नियमाने चालणारे गृहस्थ. मशीन नाव-गाव घातल्याशिवाय सुरूच होत नाही, असं त्यांनी सांगितलं. नाव: नारळ. आडनावाच्या जागी भाट्येकर घातलं. वय विचारलं तेव्हा मी बाळाकाकांना फोन लावला. ते म्हणाले, माडावर वर्षभर होता. कदमांनी एक वर्ष लिहिलं. मग लिंग आलं. इथे कदम जरा थांबले, विचार केला, आणि म्हणाले, "तो नारळ. म्हणजे पुरुष." पुरुष लिहिलं. डोकं ठेवायच्या खाचेत तो बरोबर बसला, म्हणून तपासणी डोक्याची.

स्कॅन छान झाला. आम्ही स्क्रीनभोवती कौतुकाने उभे असताना फोन वाजला. झालं असं होतं, की या सेंटरमधला प्रत्येक स्कॅन आपोआप मुंबईतल्या एका डॉक्टरकडे जातो. तो घरी बसून बघतो आणि रिपोर्ट पाठवतो. डॉक्टर तरुण, नवीन लागलेला, कामाला गंभीर. मॅडमनी फोन स्पीकरवर ठेवला आणि चहाचा कप उचलला.

"मॅडम, ते एक वर्षाच्या मुलाचं डोकं बघतोय," तो म्हणाला. आवाज दबलेला होता. "आत बहुतेक पाणीच आहे. आणि मॅडम, कवटीला तीन भोकं आहेत."

मॅडमनी एक घोट घेतला.

"तिन्ही एकाच बाजूला आहेत ना? मग नॉर्मल आहे."

त्याने पुढे रिपोर्टमध्ये काय लिहिलं ते मॅडम सांगत नाहीत.

*

त्या स्कॅनचं शेपूट अजून आहे. कुठलाही स्कॅन आम्ही बाहेर नेतो तेव्हा आधी त्यावरचं नाव पुसतो आणि त्या जागी 'ॲनॉनिमस' लिहितो, म्हणजे अनामिक. नारळालाही तोच नियम, असा योनासचा आग्रह. कदमांनी सगळं पेन ड्राइव्हवर घालून, पाकिटात बंद करून, पाकिटावर ते नाव टाकून काउंटरवर ठेवलं.

काउंटरवरच्या ताईंनी चष्मा वर सरकवला आणि बाकांच्या दिशेने मोठ्याने हाक मारली, "ॲनॉनिमस! कोण आहे ॲनॉनिमस?"

बाकावरून एक उंच गृहस्थ उठले, काउंटरशी आले, पाकीट घेतलं, ताईंना थँक्यू म्हणाले आणि चालायला लागले. सारंगने त्यांना जिन्यात गाठलं. त्यांचं नाव अनीस मुसा. कुवेतहून सुट्टीवर आले होते आणि पाठ दाखवायला बसले होते.

सारंगने माफी मागितली आणि समजावून सांगितलं, की हे कोणाचं नाव नाही, ज्याचं नाव सांगायचं नसतं त्याला असं म्हणतात. मुसाभाईंनी पाकिटावरची अक्षरं एकदा वाचली आणि पाकीट परत दिलं.

"तिकडे कंपनीत मला नंबराने हाक मारतात," ते म्हणाले. "तुम्ही निदान जवळपास तरी आलात."

*

इतकं सगळं होईपर्यंत माझं काम पुढे सरकलं नव्हतं असं नाही. सॉफ्टवेअरमधला जवळजवळ प्रत्येक शब्द मी मराठीत आणला होता. प्रश्न शब्दांचाच होता.

लहानपणापासून बाहेर राहिल्यामुळे माझं मराठी पुस्तकांतून आलेलं आहे. बाळाकाकांबरोबर जेवण वाढणाऱ्या मावशी मला म्हणायच्या, "गो, तू बोलतंस तेव्हा रेडिओ लावल्यासारखं वाटतं." स्कॅन म्हणजे शरीराचे पातळ पातळ थर, एकामागून एक. त्या एका थराला इंग्रजीत स्लाइस म्हणतात. मी लिहिलं होतं 'अनुप्रस्थ छेद'. पुढच्या थरावर जायच्या बटणावर 'पुढील अनुप्रस्थ छेद', मागच्यासाठी 'मागील अनुप्रस्थ छेद'.

गुरुवारी मुकादम मॅडम जेवायला आल्या तेव्हा मी त्यांना ते दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"बेटा, हे दाखवलंस तर पेशंट हात जोडेल आणि दक्षिणा काढेल."

मी बाजू मांडायला सुरुवात केली. शास्त्रीय भाषेला प्रतिष्ठा असायला हवी, वगैरे. तेवढ्यात ताटात सुरणाची कापं आली, रव्यात घोळून तळलेली. योनासने एक उचललं, उभं धरलं, आडवं धरलं, आणि मावशींना खुणेने विचारलं की याला काय म्हणतात. मावशी म्हणाल्या, काप. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

शब्द ठरला, पण भांडण तिथून सुरू झालं. सारंग म्हणाला, तो काप. पुण्यात 'गाजराचे काप' म्हणतात, तेव्हा बटणावर 'पुढचा काप' हवं. बाळाकाका आतून बाहेर आले. ते म्हणाले, ते काप. सुरणाची कापं, वांग्याची कापं. तो काप म्हणे, ऐकलंय कोणी? सारंगने फोनवर शब्दकोश काढला. बाळाकाका म्हणाले, त्या शब्दकोशवाल्याला इकडे जेवायला पाठव. नारळाला पुरुष ठरवणारे कदम मॅडमबरोबर आले होते, त्यांचंही मत घेण्यात आलं. ते नपुंसकलिंगाच्या बाजूने पडले. स्वयंपाकघर एकमुखाने त्याच बाजूला. सारंग एकटा राहिला, आणि पुढची कापं त्याच्या ताटात उशिरा आली.

मी दोन बटणं बदलली. पुढचं काप. मागचं काप.

सगळ्यांनी ती वाचली. मॅडमनी वाचली, बाळाकाकांनी वाचली, सारंगने कपाळाला आठी घालून वाचली. सुटसुटीत वाटली. आमच्या तोंडात तेव्हा सुरण होतं, त्यामुळे कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

*

शनिवारी सकाळी योनासची मोठी बॅग हॉलच्या दाराशी तयार होती. मुकादम मॅडमनी आम्हाला सेंटरमधल्या आपल्या खोलीत कोपऱ्यात बसायची परवानगी दिली होती. अट अशी, की आत येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारायचं, आणि तो नको म्हणाला तर आम्ही बाहेर. रिपोर्ट त्यांनी नेहमीच्या मशीनवर आधीच पाहून ठेवलेले होते. समजावून सांगायला तेवढा आमचा स्क्रीन, मराठीतला, पेशंटच्या बाजूला वळवलेला.

पहिले एक कंत्राटदार होते. ते पूर्ण वेळ फोन वाजेल म्हणून फोनकडे बघत होते. दुसऱ्या एक शिक्षिका होत्या, आणि माझी सगळी भिस्त त्यांच्यावर होती. त्यांनी एकदाही स्क्रीनकडे पाहिलं नाही. मॅडम बोलत होत्या तोपर्यंत त्या मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या खुर्चीत बसणारा माणूस काय बघतो याचा मी इतक्या दिवसांत विचारच केला नव्हता. योनासने घड्याळ पाहिलं.

मग एक काका आणि काकी आले, सावर्ड्याकडच्या एका गावातून. मुलीकडे राहायला आले होते, तिथे काकांच्या पोटात दुखायला लागलं, कोणीतरी ऑपरेशन असेल असं म्हटलं, आणि तेव्हापासून काका जेवले नव्हते. शर्टाची बटणं एकेक घर चुकवून लावलेली. काकी वाचायला उशिरा शिकल्या होत्या, नातीच्या पुस्तकावर, आणि ती कला त्यांनी फुकट जाऊ दिली नव्हती. खोलीत शिरताना त्यांनी दारावरचं 'चपला बाहेर काढा' मोठ्याने वाचलं, मग भिंतीवरचं 'मोबाईल बंद ठेवा' वाचलं. मी खुर्चीत पुढे सरकले.

मॅडमनी काकांना बसवलं आणि स्क्रीनवर बोट ठेवून शांतपणे सांगितलं. ही मूत्रपिंडाजवळ दिसते ती पाण्याची लहान गाठ आहे. पुष्कळांना असते, त्यांना माहीतही नसतं. दुखणं तिचं नाही, पित्ताचं आहे, गोळ्या देते. "हिला हात लावायचा नाही. कापायचं वगैरे काही नाही, काका."

काकांनी श्वास सोडला. सकाळपासून धरून ठेवला असावा असा.

मॅडमनी गाठ दुसरीकडून दाखवायला माऊस बटणावर नेला. काकींची नजर माऊसबरोबर गेली. त्या स्क्रीनजवळ वाकल्या आणि एकेक अक्षर लावत वाचलं. पु-ढ-चं. काप. मग शेजारचं वाचलं. मा-ग-चं. काप. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, परत स्क्रीनकडे पाहिलं.

"मॅडम, तुमी सांगताव कापायचं नाय. आनि ह्यो सांगतोय पुडचं काप, मागचं काप. आमी कोनाचं आयकायचं?"

काका उठून उभे राहिले होते.

मी म्हटलं, "काकी, ते नाम आहे. क्रियापद नाही."

काकींनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर सावरला. काका म्हणाले, "चल, आपन घरी जाव."

मॅडमनी आधी स्क्रीनवर हात ठेवून ती दोन्ही बटणं तळव्याखाली झाकली. मग हसू आवरत काकांना म्हणाल्या, "बसा काका. ऐकायचं माझंच. हा मराठी आत्ता आत्ता शिकलाय, त्याला नीट बोलता येत नाही." आणि माझ्याकडे बघितलं.

काका बसले, पण खुर्चीच्या कडेवर.

योनासने विचारलं काय झालं. मॅडमनी त्याला इंग्रजीत एका वाक्यात सांगितलं की बाईंनी स्क्रीन वाचला आणि नवऱ्याला कापायचं की नाही ते विचारलं. योनासने सावकाश मान हलवली आणि खांद्यावरच्या बॅगेतून लॅपटॉप काढला. मी त्याला म्हटलं, थांब, शब्द चुकलाय, तासभर दे, मी बदलते. हे असंच जगभर गेलं तर काय होईल.

"त्यांनी वाचलं," योनास म्हणाला. "आणि त्या काहीतरी म्हणाल्या. माझ्यासमोर."

चुका मागाहून दुरुस्त होतात, तो तेच करत आला आहे, असं काहीतरी तो पुटपुटला. मग त्याने लॅपटॉप मांडीवर उघडला, चष्मा लावला आणि मराठी आत घ्यायचं बटण दाबलं. टक असा आवाज आला.

काकी माझ्या कानाशी वाकल्या.

"आता काय कापलान त्यानं?"